गज हरवलेला नाही, तो नव्हताच

राजघराण्यासाठी बनवलेल्या एका जुन्या, चकमकीच्या दगडानं बार उडवणाऱ्या खिशातल्या पिस्तुलाचा फोटो टाकून कुणीतरी म्हटलंय, की त्याला नळीखाली गज (दारू-गोळी ठासायची काठी) नाही, म्हणजे वस्तू अपुरी आहे. मला हे पटत नाही. या जातीच्या बहुतेक पिस्तुलांची नळी चक्क आटे फिरवून काढता येते. मागच्या कप्प्यात दारू भरायची, वर गोळी ठेवायची, नळी परत घट्ट बसवायची. गोळी नळीच्या छिद्रापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे खिशात हलत नाही आणि बार उडताना वायूही वाया जात नाही. ठासायचंच नाही, तर गज कशाला?

फोटो मोठा करून नळीचं तोंड बघा. आतल्या कडेला खाचा दिसल्या तर त्या नक्षी नाहीत, नळी फिरवायची किल्ली तिथे बसते. चापही शोधू नका; अनेकांत तो आत दुमडलेला असतो आणि घोडा (चकमकीचा दगड धरणारा वरचा खटका) मागे ओढला की बाहेर येतो. फ्रान्समधल्या व्हर्सायचा बंदूक कारागीर निकोला-नोएल बुते यानं मान्यवरांसाठी केलेल्या काही पेट्यांमध्ये मोठ्या पिस्तुलांशेजारी अशी छोटी जोडीही असे. सोबत ती किल्ली असेल, तर तिला कृपया वेगळी करून विकू नका.