स्लॅबखाली फोम म्हणजे "पैसे मातीत"?

मिनेसोटाकर: परवा इथे कोणीतरी लिहिलं की नव्या घराच्या स्लॅबखाली (छताच्या नव्हे, जमिनीवर ओततात त्या काँक्रीटखाली) थंडी अडवायला फोमच्या पाट्या घालणं म्हणजे पैसे मातीत, कारण उष्णता वर जाते, खाली नाही. दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहितोच. वर जाते ती गरम हवा! उष्णता गारव्याकडे जाते, मग तो खाली का असेना. मिनियापोलिसला हिवाळ्यात घरात २१ डिग्री, खाली जमीन ८-९, म्हणजे आपण पैसे भरून माती तापवायची. आमच्या आधीच्या घरात खाली काहीच नव्हतं, आई साताऱ्याहून आली तर दोन-दोन मोजे घालून, पाय वर घेऊन भाजी निवडायची, पुढच्या थंडीत येतच नाही म्हणाली. भिंतीत नंतर भरता येतं हो, स्लॅबखाली घालायचं तर स्लॅबच फोडायला लागतो.

नाशिकवाला: मीच लिहिलं होतं. चाळीस एक घरं बांधलीत. उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर उघड्या अंगाने झोपणारी माणसं आम्ही, जमिनीचा गारवा अडवायला पैसे द्यायचे? आणि आम्ही मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करून, सोलिंग (दगडांचा थर) करून मग पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, टाकतो तरी फरश्या खचतात, तुम्ही थर्माकोलवर घर उभं करणार!

मिनेसोटाकर: नाशिकला नकोच, मी कुठे म्हटलं घाला म्हणून? पण घर फोमवर नसतं, भिंतींचा भार फूटिंगवर, म्हणजे भिंतीखालच्या पायावर जातो. १५ पीएसआयचा (चौरस इंचाला १५ पौंड झेलणारा) फोम चौरस फुटाला २१६० पौंड झेलतो, ४ इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण ५० पौंड.

ह्यूस्टनकर: वाळवीचं कोणीच बोलत नाहीये. फोम ती खात नाही पण आतून बोगदा करून वर चढते आणि बाहेरून काही दिसत नाही. फ्लोरिडा, जॉर्जियाकडे जमिनीखालच्या फोमवर बांधकामाच्या कोडचेच (नियमांचे) निर्बंध आहेत. सरसकट सल्ले देऊ नका.

कणकवलीची: वाळवीचं नावच नको. आमच्या कंत्राटदाराने प्लिंथ भरताना औषध मारलं म्हणून सांगितलं, पैसे घेतले, तासाभरात माणसं गेलीसुद्धा. दुसऱ्या पावसाळ्यात देवघराची चौकट बोटाने दाबली तर बोट आत! सागवान होतं, सासऱ्यांनी जपून ठेवलेलं. फरशीला भोकं पाडून परत औषध घालायला लागलं, आठवडाभर घरात वास.

नाशिकवाला: एकाने फसवलं म्हणून सगळे चोर का? मी स्वतः उभा राहून मारून घेतो.

कणकवलीची: चोर मी म्हटलंच नाही, तुम्हालाच लागलं. घरमालकासमोर औषधाचा डबा फोडता का, एवढंच सांगा.

नाशिकवाला: मालक हजर असला तर फोडतो. असायला हवा, हे बरोबर आहे तुमचं.

ह्यूस्टनकर: मूळ प्रश्न राहिला की. फोम फक्त स्लॅबच्या कडेने ४ फूट लावलात तर? उष्णतेची गळती मुख्यतः कडेनेच होते.

मिनेसोटाकर: साध्या स्लॅबला ते चाललं असतं, मानतो. पण आम्ही स्लॅबमध्येच गरम पाण्याचे पाइप टाकतोय, म्हणून सगळीकडे २ इंच. काँक्रीटचा ट्रक गुरुवारी येतोय आणि कंत्राटदार ओल अडवायचं प्लास्टिक फोमच्या खाली घालू म्हणतोय.

नाशिकवाला: वर घाला, काँक्रीटला लागून. खाली घातलंत तर पाऊस पडला की पाणी फोममध्येच साचून राहील. आणि सांधे टेपने बंद करून घ्या, स्वतः उभे राहून.