वकील फुकट मिळतो, तज्ज्ञाचं काय?

झेरॉक्सवाला: सांगलीत विजयनगरच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या महिन्यात एक म्हातारी सीए रिपोर्ट (सरकारी लॅबच्या केमिकल ॲनालायझरचा अहवाल) घेऊन आली. पोरगा ऊसतोड मजूर, खुनाच्या केसमध्ये कच्चा कैदी. कोयत्यावर माणसाचं रक्त, पण रक्तगटापुढे ‘निष्कर्ष अनिर्णित’. म्हणाली, “बाबा, ह्यात माझ्या पोराच्या बाजूचं काय हाय?” मला काय कळणार! गरीब आरोपींसाठीच्या लोकअभिरक्षक कार्यालयाचा फुकट वकील मिळालाय, मन लावून करतोय. पण रिपोर्ट दुसऱ्या जाणकाराला दाखवायचा तर फी कोण देणार? पोलिसांची बाजू भक्कम करायला लॅब आहे, तीही गृहखात्याचीच. गरीब आरोपीच्या तज्ज्ञाचा, पुरावे-साक्षीदारांच्या शोधाशोधीचा खर्च सरकारनंच उचलावा.

द्राक्षबागायतदार, तासगाव: ज्याचा माणूस गेला त्याच्या दारात कुणी फिरकत नाही, आणि आरोपीला आमच्या करातून तज्ज्ञ? वकील दिला, बास की. हे भाडोत्री तज्ज्ञ ज्याची फी त्याचं मत देतात.

मिरज जंक्शन: बास कसं? अमेरिकेत अलाबामातल्या अँथनी रे हिंटनवर मुख्य पुरावा रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांचा. वकिलाला वाटलं, तज्ज्ञासाठी हजार डॉलरच मिळतात. ती मर्यादा कायद्यातून गेलीय हे त्याला ठाऊकच नव्हतं! तेवढ्यात मिळाला तो एका डोळ्याचा इंजिनिअर, ज्याला मायक्रोस्कोपही नीट जमेना. हिंटन जवळपास ३० वर्षं फाशीच्या कोठडीत. सुटला २०१५ ला.

द्राक्षबागायतदार: अमेरिकेचं अमेरिकेत. इथं लॅबचा रिपोर्ट यायलाच महिने जातात. आधी तिथं माणसं भरा, फिर्यादी-आरोपी दोघांचं भलं होईल.

वकिली करतो: लॅबचं म्हणणं रास्त. पण सरकारी रिपोर्ट तो करणारे साहेब साक्षीला न येताही पुराव्यात वाचता येतो. त्यांना बोलवा म्हणता येतं, पण विचारायचं काय, ते सांगणारं कोणी नको? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जायचं आलंय. म्हणजे असले कागद वाढणारच. शोधाशोधीचंही तेच. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या खुनांच्या खटल्यात साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते, ते दडपलं गेलं. सहा जणांना २००९ ला सुप्रीम कोर्टानं फाशीची शिक्षा दिली, २०१९ ला त्याच कोर्टानं निर्दोष सोडलं.

झेरॉक्सवाला: भाडोत्रीचं म्हणाल तर सरसकट नकोच. अमेरिकेच्या फेडरल केसेसमध्ये १९६४ च्या कायद्यानं वकील न्यायाधीशाकडे अर्ज करतो, सरकार पक्षाला न कळवता. गरज पटली तरच पैसे.

द्राक्षबागायतदार: न कळवता? ही कुठली लपवाछपवी?

वकिली करतो: श्रीमंत आरोपी कुणाला कळवून तज्ज्ञ गाठतो, दादा?

द्राक्षबागायतदार: बरं. फिर्यादीच्या घरालाही असाच माणूस द्या, मग माझी ना नाही. तोवर विरोध.

झेरॉक्सवाला: त्या पोराची तारीख सोमवारी आहे. विजयनगरला आलात तर दुकानावर या, चहा घेऊ. म्हातारी सकाळपासून पायरीवर बसलेली असते.