चर्चच्या दफनभूमीला लागून घर मिळतंय, आई यायला तयार नाही. काय करू?

वाईकरीण:

नमस्कार. मी मूळची वाईची, विरारमध्ये नर्स आहे. स्टेशनजवळचं भाडं परवडेना म्हणून नंदाखालच्या बाजूला एका गावात कौलारू घर बघितलंय. पुढे अंगण, विहीर, नारळीची झाडं. घरमालक माणसं चांगली वाटली. अडचण एकच, मागच्या परसाची भिंत संपली की चर्चची दफनभूमी. न्हाणीघराच्या खिडकीतून क्रूसच क्रूस दिसतात.

मुलगा चार वर्षांचा आहे. मला नाइट असली की त्याला सांभाळायला आई येणार होती. तिने फोटो बघितले आणि म्हणाली, "मसणवट्याशेजारी मी दिवा लावायची नाही." तिला हसू नका. आमच्याकडे स्मशान गावाबाहेर, नदीकाठी. बायका तिकडे फिरकतसुद्धा नाहीत. तिची भीती मला समजते.

तिकडे राहणाऱ्या कुणी सांगाल का, रोजचा दिवस कसा असतो? संध्याकाळी सामसूम होते का? पोर अंगणात ओरडलं, खेळलं तर चालतं का? आम्ही ख्रिस्ती नाही, लोक परकं मानतील का? डिपॉझिट रविवारी द्यायचंय.

बागायतदार:

आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. आमच्या पश्चिम पट्ट्यात उपसा वाढल्यापासून कित्येक विहिरी मचूळ झाल्यात. मे महिन्यात पाण्याची चव बदलते का, हे शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको. जमिनीचा उतारही बघा. पावसाचं पाणी दफनभूमीकडून तुमच्या परसात उतरत असेल तर ती विहीर प्यायला वापरू नका, धुण्याभांड्याला ठेवा. बाकी भुताखेताचं विचाराल तर आमच्याकडे डास जास्त त्रास देतात.

निवृत्त बाई:

वाईकरीण, तुला अगं-तुगं करते, चालेल ना? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझं सासरचं घर दफनभूमीला लागूनच आहे. माझी चूल आणि ती भिंत यांच्यामध्ये एक आंबा आहे, बस.

पहाटे अंधारात वाड्यांमधून बॅटऱ्या हलताना दिसतील, घाबरू नकोस. सोनचाफा तोडणाऱ्या बायका असतात. फूल दादरला वेळेत पोचायला हवं. मग घंटा, मग सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. आता मराठीत असते. माझ्या लहानपणी लॅटिनमध्ये होती, आणि माझी आजी एक अक्षर न कळता सगळी उत्तरं तोंडपाठ म्हणायची. मिस्सा सुटली की लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या घरी जायच्या आधी दफनभूमीत शिरतात. आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभ्या राहतात, क्रूसाची खूण करतात, पडलेलं पान उचलून बाजूला टाकतात. मग फाटकात गप्पा. भाजीला काय भाव मिळाला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणी बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, बुजवायला काढलंय. सगळ्या गावाच्या बातम्या मला त्या फाटकातूनच कळतात. सामसूम म्हणशील तर दुपारी दोन ते चार, तेव्हा सगळीकडेच असते. दिवेलागणीला पुन्हा घंटा होते आणि घरोघरी जपमाळ सुरू होते. तुझी आई त्याच वेळी सांजवात लावत असेल. कुणाचं कुणाला अडत नाही.

मुलगा खुशाल खेळू दे. चर्चच्या पटांगणात आमची पोरं क्रिकेटच खेळतात, चेंडू भिंतीपलीकडे गेला की आत जाऊन आणतात. फक्त कबरीवर चढायचं नाही आणि मेणबत्त्या उचलायच्या नाहीत, एवढं त्याला पहिल्या दिवशीच सांग.

आता मयतीचं. ते लपवून ठेवणं बरं नाही. घंटेचा एकेक ठोका, मध्ये लांब थांबून, पडायला लागला की गाव हातातलं काम टाकून कान देतं. कोण गेलं, हे निरोपाच्या आधी घंटा सांगते. बहुतेक वेळा संध्याकाळच्या सुमारास अंत्यविधी असतो. तुझ्या दारापुढून पुष्कळ माणसं जातील, गाणी म्हणत, रडत. प्रत्येक जण मूठभर माती टाकून परततो. त्या वेळी दार लावून घेऊ नकोस. ओट्यावर पाण्याची कळशी आणि दोन पेले ठेव. परकं मानण्याचं विचारलंस ना, त्या कळशीपाशी तुझी निम्म्या गावाशी ओळख होईल.

आणि नोव्हेंबर बघच. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं वाढतं. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा स्मरणदिन, त्याच्या आधी घरोघरची माणसं कोयते घेऊन उतरतात. गवत काढायचं, कबरींना चुना लावायचा, क्रूसांवरची नावं गिरवायची. माझं अक्षर फळ्यावरचं, म्हणून ब्रश माझ्या हातात येतो. काळा ऑइलपेंट, बारीक ब्रश, खाली बसून मान अवघडते. मागे एका लाकडी क्रूसावर नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. पोरांना काही सांगता येईना. शेवटी पलीकडच्या आळीतल्या आजी काठी टेकत आल्या, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, कुठल्या विहिरीवर रहाट हाकायचा तेही सांगितलं. नाव लिहून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी झेंडू आणि मेणबत्त्यांनी सगळी जागा भरते, फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. आमच्या हिंदू वाडवळ शेजारणीकडून दरवर्षी झेंडूची टोपली येते, सांगावं लागत नाही.

सून_निर्मळची:

बाईंचं सगळं खरं. पण एक बाजू माझी. सासूबाई गेल्या तेव्हा भांडी घासताना समोर त्यांचीच ताजी माती दिसायची. वर सुकलेल्या माळा, पाऊस पडला की माती खाली बसायची. कितीतरी महिने मी त्या खिडकीला पडदा लावून ठेवला. आपलं माणूस तिथे असलं की हे शेजारपण जड जातं. तुमचं तिथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सोपं जाईल असं वाटतं. तरी आईंना आधी दोन दिवस राहायला आणा, मगच पैसे द्या.

वाईकरीण:

सगळ्यांचे आभार. बाईंचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. कळशीचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "पण ती मयतीची घंटा पोराच्या कानावर पडणार ना?" यावर काय सांगू?

निवृत्त बाई:

पडणार. तो विचारेल, आणि आईंनी सांगायचं की कुणीतरी आजोबा देवाघरी गेले. आमच्या नातवंडांना झाली तशी ती घंटा त्यालाही ओळखीची होईल. गुड फ्रायडेला ती गप्प असते, लाकडी खटखट्या वाजवतात. तेव्हा बघ, आमच्या पोरांसारखा तोही विचारेल की आज घंटा का नाही.

आणि आईंना एक विचार. वाईच्या बाईने मेणवलीचा घाट पाहिला नाही असं व्हायचं नाही. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्याखाली ती मोठी घंटा टांगलीय, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इकडच्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले, त्यांतलीच ती. नाशिकच्या नारोशंकराला आणि भीमाशंकरालाही अशाच आहेत. मेणवलीच्या त्या घंटेखालून तुझ्या आई नदीवर गेल्या असतील, हात जोडले असतील. आमची घंटा तिच्याच घरातली.

शनिवारी घेऊन ये त्यांना. आधी माझ्याकडे चहाला या, मग घर बघा. पाण्याची बाटली रिकामी आण, विहिरीचा नमुना त्याच फेरीत घेऊन टाकू.

वाईकरीण:

मेणवलीची घंटा! आई माहेरी दर कार्तिकात तिथे जायची. शनिवारी येतोय. तिने विचारलंय, तुम्हाला कंदी पेढे चालतात का.