मदत हवी आहे: १९७१ टॉप्स, पायरेट्सचा संच आणि माझ्यावर सतत वरची बोली लावणारे दोघं

तीननद्या

नमस्कार मंडळी,

बेसबॉल कार्डांवर इथे आधी धागा निघालेला दिसला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतले संग्राहक असाल तर हवेच आहात. नाणी-तिकिटांच्या लिलावात हात भाजलेल्यांनीही लिहा, दुखणं एकच असावं.

मी पिट्सबर्गला राहतो. पायरेट्स संघाची १९७१ सालची टॉप्स कंपनीची कार्डं जमवतोय. त्या वर्षी पायरेट्सनी बाल्टिमोरला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली, रॉबर्टो क्लेमेंटी मालिकावीर ठरला. त्याच मोसमात १ सप्टेंबरला त्यांनी नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू मैदानात उतरवले, मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, पहिल्यांदाच. इथे आल्यावर बेसबॉल समजायला मला बराच वेळ लागला, क्लेमेंटी मात्र लगेच समजला. त्याच्या नावाच्या पुलावरून चालत स्टेडियमला जायचं म्हटल्यावर चौकशी होतेच. भूकंपग्रस्त निकाराग्वासाठी मदत घेऊन निघालेलं विमान कोसळून तो ३१ डिसेंबर १९७२ ला गेला, हे कळल्यावर तर मी त्याचाच झालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७१ चा पूर्ण संच ७५२ कार्डांचा आणि त्याची किनार काळी. दिसायला देखणी, पण काळ्या शाईखाली पांढरा पुठ्ठा, त्यामुळे कडेचा कणभर टवका उडाला तरी लांबून दिसतो. पीएसए ही कंपनी कार्ड तपासून त्याला १ ते १० ग्रेड देते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करते. या वर्षाची पीएसए ९ ग्रेडची कार्डं म्हणूनच कमी, आणि १० तर विचारूच नका.

आता अडचण. बिल मॅझेरॉस्की, म्हणजे १९६० ची वर्ल्ड सिरीज शेवटच्या फटक्यावर जिंकून देणारा, हॉल ऑफ फेममध्ये असलेला माणूस, मला ९ मध्ये परवडेल अशा भावात मिळाला. आणि त्याच संघातला एक पिचर (चेंडू टाकणारा), ज्याचं नाव पिट्सबर्गमध्येही दहातल्या आठांना सांगता येणार नाही, तो मला काही केल्या मिळत नाहीये. ९ मधलं त्याचं कार्ड लिलावात आलं की दोन बोलीदार हमखास असतात आणि भाव मॅझेरॉस्कीच्या कितीतरी पुढे जातो. माणसं तीच आहेत असा माझा संशय आहे, कारण बोलीच्या उड्या तशाच पडतात.

येत्या शनिवारी ते पुन्हा एका मोठ्या लिलावात आहे. त्याच लिलावात क्लेमेंटीचं ६३० नंबरचं कार्डही आहे, ८ ग्रेडचं, छान मधोमध छापलेलं. दोन्ही घेण्याइतके पैसे नाहीत. पिचरच्या मागे लागू, की त्याचं ८ घेऊन गप्प बसू आणि पैसे क्लेमेंटीवर घालू? आणि हे दोघं एवढे का पेटलेत, ते कुणी सांगेल का?

---

रद्दीतलंसोनं

लहानपणी बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, ती आम्ही गोट्यांवर हरलो. आता हे वाचून आईला फोन करून माळा बघायला सांगितलंय. कार्डाचा भाव साधारण किती असतो हो, डॉलरमध्ये सांगितलात तरी चालेल, बसलेलोच आहे.

---

फॉल्समकर

@रद्दीतलंसोनं, बसलेलेच राहा. १९५२ च्या टॉप्समधलं मिकी मॅन्टलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. एसजीसी कंपनीचा ग्रेड ९.५. विकणाऱ्यानं ते १९९१ मध्ये ५० हजारांना घेतलं होतं. पण त्याच संचातल्या सामान्य खेळाडूंची, कोपरे मऊ झालेली कार्डं त्यामानानं अगदी स्वस्तात मिळतात.

@तीननद्या, तुमचा पिचर महाग नाहीये. महाग आहे तो त्याच्यावरचा ९ आकडा, आणि तोही दोन-तीन माणसांपुरता.

पीएसएची सेट रजिस्ट्री बघितली आहे का? आपला संच तिथे नोंदवायचा, प्रत्येक कार्डाचा ग्रेड आणि त्या कार्डाला यादीत किती महत्त्व दिलंय ते धरून सरासरी निघते, आणि १९७१ टॉप्सच्या यादीत तुमचा क्रमांक लागतो. वरच्या पाच-सहा जणांकडे क्लेमेंटी, एरन, मेज, नोलन रायन सगळे कधीच येऊन बसलेत, कारण मोठ्या नावांची कार्डं लोकांनी जपली आणि ग्रेडिंगलाही पाठवली. त्यांची अडचण होते ती सामान्य खेळाडूंच्या कार्डांवर, ज्यांना आम्ही 'कॉमन' म्हणतो. ती कुणी जपलीच नाहीत. त्यात काही कार्डं छपाईच्या मोठ्या तावावर कडेला होती, म्हणून ती नेहमी एका बाजूला सरकलेलीच निघतात. मग पॉप अहवालात, म्हणजे कुठल्या ग्रेडची किती कार्डं आजवर नोंदली गेली त्या यादीत, अशा कॉमनसमोर ९ च्या खाली अगदी छोटा आकडा दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातला फरक शंभराव्या भागाचा असतो आणि तुमचा पिचर तो फरक आहे.

जुनं उदाहरण सांगतो. १९५२ टॉप्सचं १ नंबरचं कार्ड अँडी पाफ्कोचं. चांगला खेळाडू, पण मॅन्टलच्या पंगतीतला नव्हे. पोरं कार्डं नंबरवार लावून रबरबँड लावायची, त्यामुळे १ नंबरचं कार्ड सगळ्यात आधी खराब व्हायचं. १९९८ मध्ये पीएसए १० ग्रेडचा पाफ्को ८३,८७० डॉलरना गेला.

तर शनिवारी तुमच्यासमोर पायरेट्सचे चाहते नसतील. पूर्ण ७५२ जमवणारे असतील, आणि त्यांच्याकडे कदाचित ७४० च्या वर झालेली असतील. अशा माणसाशी भिडू नका. पण एक लक्षात घ्या: जिंकल्यावर तो त्या कार्डापुरता बाजारातून उठतो. दुसऱ्यालाही एक मिळालं की पुढचं ९ बघता बघता खाली येतं. थांबा.

---

नाणेघाट

पुण्याहून. कार्डांतलं काही कळत नाही, पण दुखणं एकच आहे ही शंका बरोबर आहे. नाण्यांना ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करणारी पीसीजीएस आणि तुमची पीएसए एकाच घरातल्या. आपल्याकडच्या लिलावांतही ब्रिटिशकालीन रुपये अशा डब्यांतून येतात. डबीवरच्या आकड्यात एकाचा फरक असला की किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि दोन्ही नाणी शेजारी ठेवली तर निम्म्या लोकांना फरक ओळखता येत नाही.

पॉपवर फार विसंबू नका. डबी फोडून तेच नाणं जास्त ग्रेडच्या आशेनं पुन्हा पाठवतात. जुनं लेबल परत केलं नाही तर एकच नाणं यादीत दोनदा मोजलं जातं.

---

तीननद्या

@फॉल्समकर, रजिस्ट्री ऐकून होतो, पण तिच्यामुळे एवढं होतं हे माहीत नव्हतं. मी कुठल्याच यादीत नाही आणि जायचंही नाही. पण थांबलो आणि पुन्हा कधी आलंच नाही तर?

---

ओकपार्क_मावशी

येतं. मी गौडी कंपनीच्या १९३३ च्या संचापासून सत्तरच्या दशकापर्यंतची कार्डं जमवते, आणि "पुन्हा येणार नाही" हे वाक्य फक्त विकणाऱ्यांच्या तोंडी ऐकलंय. २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावात एका घराच्या माळ्यावर १९१० च्या सुमाराची ई९८ मालिकेची ७०० च्या आसपास कार्डं सापडली. टाय कॉब, साय यंग, तुमच्या पायरेट्सचा होनस वॅगनर, सगळे कोरे करकरीत. तोवर या मालिकेचं चांगल्या अवस्थेतलं कार्ड मिळणं म्हणजे नशीब. त्यातली ३७ कार्डं त्याच उन्हाळ्यात बाल्टिमोरला पाच लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेली, आणि ज्यांनी आधी ५-६ ग्रेडचं कार्ड "यापेक्षा चांगलं जगात नाही" म्हणून घेतलं होतं त्यांनी काय केलं असेल ते तुम्हीच ठरवा. १९७१ तर अगदी अलीकडचं. अजून न फोडलेली पाकिटं निघतात.

मात्र @फॉल्समकर यांच्यासारखं नुसतं "थांबा" मी म्हणणार नाही. ९ ओसी शोधा. ओसी म्हणजे छपाई एका बाजूला सरकलेली, बाकी कोपरे-कडा ९ च्या तोडीच्या. रजिस्ट्रीत अशा कार्डाचे दोन ग्रेड कापले जातात, म्हणून तुमचे ते दोघं त्याच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. काळ्या किनारीच्या संचात कडा महत्त्वाच्या. मी तर ९ ओसी आनंदानं घेते.

आणि लिलावाआधी गणित करून ठेवा. १००० वर बोली थांबली की २० टक्के खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृह बोलीवर वरून घेतं ती रक्कम, धरून १२००. त्यावर तुमच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत ७ टक्के विक्रीकर, झाले १२८४. टपाल आणि विमा वेगळा. काही ठिकाणी प्रीमियम याहून जास्त असतो, नियम वाचा. कागदावर आकडा लिहून मगच संगणकासमोर बसायचं, कारण रात्री साडेबाराला "अजून एकच बोली" फार स्वस्त वाटते.

---

फॉल्समकर

मावशी, ओसीशी असहमत. मधोमध नसलेलं कार्ड विकायला जाल तेव्हा कळेल. त्यापेक्षा व्यवस्थित मधोमध असलेलं ८ घ्यावं. डोळ्याला आधी सेंटरिंग दिसतं, कडेचा टवका बघायला भिंग लागतं.

---

ओकपार्क_मावशी

काळ्या किनारीत टवक्याला भिंग लागतं? चष्मा बदला. आणि ते विकायला घेत नाहीयेत, संच पुरा करताहेत.

ग्रेडच्या आकड्याला देव मानणाऱ्यांनी वॅगनरची गोष्ट विसरू नये. टी२०६ मालिकेतलं सगळ्यात प्रसिद्ध वॅगनर कार्ड, १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं. पीएसएनं ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड, ग्रेड ८. पुढे २०१३ मध्ये लिलाववाला बिल मास्ट्रो यानं कोर्टात कबूल केलं की आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला ग्रेडच मिळायला नको. त्यानं आपल्याच लिलावांत खोट्या बोल्या लावून भाव चढवल्याचंही कबूल केलं आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. २००७ मध्ये ते कार्ड २८ लाख डॉलरना गेलं होतं. आता बोला.

---

रद्दीतलंसोनं

आईचा फोन आला. माळ्यावर फक्त पितळी भांडी आणि माझी दहावीची पुस्तकं आहेत. तरी धागा वाचतोय. @तीननद्या, ते दोघं खोटे बोलीदार नसतील कशावरून?

---

तीननद्या

हाच प्रश्न मलाही पडलाय, पण वेगवेगळ्या लिलावगृहांत तेच झालंय. सगळीकडे कोण खोट्या बोल्या लावत बसेल?

मावशी, ९ ओसीचं डोक्यातच आलं नव्हतं. शोधल्यावर त्याच पिचरचं एक दिसलं, थेट विक्रीला. उजवीकडची किनार डावीच्या साधारण निम्मी आहे. स्कॅनमध्ये कडा जरा जास्तच काळ्या वाटतात. १९७१ ला मार्करनं रंगवतात असं वाचलं होतं. डबीत असलेल्या कार्डाचं कसं ओळखायचं?

---

ओकपार्क_मावशी

रंगवतात, आणि या संचाला सर्रास. कार्ड सुटं असेल तर कडेकडून, पुठ्ठ्याच्या जाडीकडे बघायचं: ती पांढरट असायला हवी, तिथे काळं झिरपलेलं दिसलं की संपलं. जांभळ्या (अतिनील) दिव्याखाली मार्करची शाई पुष्कळदा छापील शाईहून वेगळी चमकते. डबीतल्या कार्डाला कंपनीनं हे तपासलेलं असतं, तरी विकणाऱ्याकडून मोठा स्कॅन मागा, पुढून आणि मागून. मागच्या बाजूनं कडेवर काळा ओघळ दिसला तर सोडून द्या. लेबलवरचा नंबर पीएसएच्या साइटवर टाकून बघा, बऱ्याच कार्डांचे त्यांनीच काढलेले फोटो असतात. विकणाऱ्याचा स्कॅन त्याच्याशी ताडून पाहा. काही जण कॉन्ट्रास्ट वाढवून काळा रंग गडद करतात, तेवढंच असेल तर कार्डात दोष नाही.

---

फॉल्समकर

ओसीवर माझं मत कायम, पण वरच्या फोटो ताडून बघण्याला माझं अनुमोदन.

क्लेमेंटीबद्दल कुणी बोललंच नाही. घ्या. ६३० नंबरच्या ८ ला रजिस्ट्रीवाले येणार नाहीत, त्यांच्याकडे ९ आहेत. क्लेमेंटीचे चाहते येतील, पिट्सबर्गचे आणि त्याच्या मायभूमीचे, पोर्तो रिकोचे, आणि ते भावनेनं बोली लावतात, त्यामुळे भाव चढेल. पण ८ चे अलीकडचे बरेच सौदे नोंदलेले असतात, त्यामुळे योग्य भाव काढता येतो. गेल्या वर्षभरातले मधोमध असलेल्या ८ चे भाव काढा, सरकलेल्यांचे वगळा. त्यावर थोडं वर जायची तयारी ठेवा. पिचरसाठी असा भाव काढताच येत नाही, मागचा सौदा त्याच दोघांनी केलेला असतो.

---

तीननद्या

ठरलं. पिचरचं ९ सोडलं. ओसीवाल्याला स्कॅन मागितलाय. शनिवारी क्लेमेंटी. कमाल बोली आधीच टाकून झोपावं की शेवटी बसावं? रात्री दहानंतर 'वाढीव वेळ' सुरू होते असं नियमांत लिहिलंय, ते नीट कळलं नाही.

---

ओकपार्क_मावशी

दहाच्या आधी त्या लॉटवर, म्हणजे लिलावातल्या त्या कार्डावर, तुमची एक तरी बोली लागलेली हवी, कितीही छोटी. नसेल तर दहानंतर तुम्हाला दारच बंद. त्यानंतर सलग तीस मिनिटं कुणी बोली लावली नाही की लॉट बंद होतो, लावली की घड्याळ पुन्हा तीसवर. काही लिलावगृहांत हे घड्याळ प्रत्येक लॉटचं वेगळं, काही ठिकाणी सगळ्यांचं एकच, आणि मग पहाट होते. कुठलं आहे ते नियमांत बघा. सगळ्यांचं एकच असेल तर कमाल बोली टाकून झोपा, जागून आकडा वाढण्यापलीकडे काही होत नाही. आणि ते दहा सेंट्रल वेळेचे आहेत का तेही तपासा, म्हणजे तुमचे अकरा.