हेलिकॉप्टर सिम: पैसे आधी दांड्यात घालायचे की संगणकाच्या डब्यात?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

एका मित्राने संगणकावर हेलिकॉप्टर उडवायच्या सिमसाठी नवं ग्राफिक कार्ड घेतलं. पाटणादेवीचं जंगल, सातमाळ्याच्या कडा, सगळं झकास दिसतंय म्हणतो. फक्त हेलिकॉप्टर एका जागी थांबत नाही. आता त्याला कोणी सिममधलं महागडं हेलिकॉप्टर मॉडेल घ्यायला सांगतंय, कोणी डोळ्यांवर बांधायचा व्हीआर. माझं मत वेगळं आहे. ज्याला फाडायचं त्याने फाडावं.

घरच्या हेलिकॉप्टर सिममध्ये पहिला रुपया कंट्रोलवर गेला पाहिजे. बाजारात मिळणारी स्टिक विमानासाठी बनवलेली असते, हात सोडला की स्प्रिंग तिला मधोमध आणते. हेलिकॉप्टर हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबवताना, सायक्लिक (पुढे-मागे-बाजूला नेणारा दांडा) मधोमध नसतोच मुळी. मुख्य पात्यांचा पीळ आवरायला टेल रोटर आडवा जोर लावतो, त्या जोराने अख्खं यंत्र बाजूला सरकायला बघतं, आणि ते थोपवायला सायक्लिक जरा कलता धरून ठेवावा लागतो. रॉबिन्सन, बेल या कंपन्यांच्या हेलिकॉप्टरांत डावीकडे. म्हणजे हॉवरच्या प्रत्येक क्षणी तुम्ही स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून बसलेले असता. मग हात भरून येतो, बोट ढिलं पडतं आणि यंत्र उजवीकडे निसटतं. कार्ड बदलून यात काय होणार?

दुसरं, पिळायची स्टिक. शेपूट फिरवणाऱ्या पेडलचं काम मनगटाने करायला गेलं की पिळताना स्टिक नकळत आडवी जाते. शेपूट सावरायला जावं तर यंत्र कलतं, कल सावरायला जावं तर शेपूट फिरतं.

मी स्टिकमधली मोठी स्प्रिंग काढून टाकली आणि गोट्याला जाड ग्रीस लावलं. कलेक्टिव्ह, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा, घरीच केला. जळगाव जिल्ह्यात राहून पीव्हीसी पाइपाला काय तोटा! खाली दोन बेअरिंग, दांडा जिथे सोडला तिथे थांबावा म्हणून सायकलच्या ब्रेकचं रबर, वर मोटारसायकलची अ‍ॅक्सिलरेटरची मूठ. आत चुंबक, त्याची हालचाल टिपणारा हॉल सेन्सर आणि आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड. साधं उनो घेऊ नका, प्रो मायक्रोतली ३२यू४ चिप संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते, उनोला ते सरळ जमत नाही. आणि सेन्सरऐवजी घासून चालणारा पोटेन्शिओमीटर तर नकोच. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आत गेली की आकडे नाचायला लागतात, आणि आकड्यांबरोबर शेपूटही.

सातपुडा_रोटर (शहादा)

दादा, पाइपाच्या कलेक्टिव्हला नमस्कार. पण त्या दांड्याच्या पलीकडे काय आहे ते कोण बघणार? मॉडेल खोटं असेल तर तुमचे हातपाय खोट्यालाच सरावतील. वर तुम्ही त्याला रिअ‍ॅलिझम म्हणणार.

एक्स-प्लेन हे सिम पात्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा जोर वेगळा काढतं. बाराव्या आवृत्तीत रॉबिन्सनचं आर-२२ आणि सिकोर्स्की एस-७६ ही हेलिकॉप्टरं आयतीच येतात. मायक्रोसॉफ्टचं सिम २०२० साली आलं तेव्हा त्यात हेलिकॉप्टर नव्हतंच. बेल ४०७ आणि काब्री नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. आणि ज्याला खरंच शिकायचंय त्याने डीसीएस या लढाऊ सिमचं ह्यूई हेलिकॉप्टर घ्यावं. आधी दोन आठवडे फुकट वापरून बघता येतं, आवडलं तर पैसे.

कुठलंही मॉडेल तपासायची माझी एक रीत आहे. पुढचा वेग पंधरा-सोळा नॉटच्या खाली आणा, पॉवर चालू ठेवा आणि मिनिटाला तीनशे फुटांपेक्षा जोरात सरळ खाली उतरा. यंत्र थरथरायला हवं, कंट्रोल सैल पडायला हवेत, आणि कलेक्टिव्ह वर ओढला तर पडणं थांबण्याऐवजी वाढायला हवं. आपल्याच पात्यांनी खाली ढकललेल्या हवेत आपणच बुडतो. आता सायक्लिक पुढे किंवा बाजूला टाकून स्वच्छ हवेत सरकलात तर सुटका. ज्या मॉडेलमध्ये कलेक्टिव्ह ओढला की झालं, त्यात तुमचा पाइप सोन्याचा असला तरी खेळच.

भुसावळ_लोको

दोघांचंही ऐकलं. फ्रेमबद्दल, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही.

हॉवर म्हणजे चुकलं की सावर, सावरलं की पुन्हा चूक. डोळ्याने बघायचं, हाताने दुरुस्त करायचं. ३० फ्रेमला एक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर असतं, ६० ला निम्मं. त्यात मॉनिटरचा उशीर मिळवा. दुरुस्ती उशिरा पोचली की आपण जास्त देतो, मग उलट जास्त, आणि यंत्र झोके घ्यायला लागतं. याला हात जबाबदार नाही. आणि फ्रेम एकसारख्या हव्यात. ठाम ४० परवडतात, पस्तीस-सत्तर-पस्तीस नको.

एक्स-प्लेनवाल्यांसाठी खास गंमत. फ्रेम २० च्या खाली गेल्या की ते सिममधला वेळच हळू करतं. नवशिक्याला वाटतं, वा, आज हॉवर काय सुंदर जमला! अरे बाबा, घड्याळ रांगतंय तुझं.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. आखाजीच्या दिवसांत खोलीत चाळीसच्या वर पारा, कूलर डब्यासमोर, आणि प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. सकाळी उत्तम चालणारं सिम दुपारी अडखळतं ते यामुळे. माझा पहिला रुपया डब्यात हवा खेळवण्यावर आणि फ्रेमची मर्यादा बांधण्यावर. दुसरी गोष्ट तर फुकटच आहे. ढगांचा दर्जा खाली आणा, सावल्या खाली आणा. हॉवर करताना ढगांकडे बघतो कोण?

संवेदनशीलतेसाठी कर्व्ह लावा, तोही फुकट. स्प्रिंग उपटायची घाई कशाला?

गिरणाकाठ

लोकोभाऊ, फ्रेमचं सगळं मान्य. कर्व्हचं अजिबात नाही.

कर्व्ह काय करतो? स्टिक मधे असताना हालचाल मऊ करतो, कडेला गेली की तिखट. पण हॉवरची जागा मधे नाहीच ना, वर तेच तर लिहिलंय. तुमचा सायक्लिक कर्व्हच्या उतारावर बसतो. डावीकडे केसभर हलवला तर एक परिणाम, उजवीकडे तेवढाच हलवला तर दुसरा. आणि कलेक्टिव्ह बदलला, वारा बदलला की बसायची जागाही सरकते. त्यापेक्षा स्टिकला वीतभर नळी जोडून ती उंच करा. कोन तोच, हाताचा प्रवास वाढतो, बारीक हालचाल जमते.

सातपुडाभाऊ, मॉडेल खरं हवं यात वाद नाही. पण ते खरं आहे की खोटं हे तुम्ही पिळायच्या स्टिकवर ओळखणार कसं? तुम्हाला जे थरथरणं वाटेल ते मॉडेलचं की मनगटाचं?

केळीवाला_रावेर

काय भो, तुम्ही लोक उडवता का नुसते नटबोल्ट मोजता?

मी गेमपॅडवर उडवतो. सगळे असिस्ट, म्हणजे सिमची आपोआप मदत, चालू. हतनूर धरणावरून निघायचं, तापी धरून वर यायचं, उजव्या हाताला केळीच्या बागा, डावीकडे सातपुडा. सगळ्या बागा उपग्रहाच्या फोटोंतून येतात, आमचा बांध ओळखू येतो. मुलगी मांडीवर बसून विचारते, आपलं घर कुठंय. ह्यूईत हे होईल? डीसीएसमध्ये काकेशस आहे, सीरिया आहे, अफगाणिस्तानही आलं, आपला मुलूख नाही.

रिअ‍ॅलिझम म्हणजे फक्त त्रास, असं कोणी ठरवलं? माझ्यासाठी गावची जागा खरी दिसणं हाच रिअ‍ॅलिझम. आणि नेटवरून चित्र यायला वेळ लागतो, म्हणून मी पैसे आधी नेटवर आणि मग इन्व्हर्टरवर घातले.

सातपुडा_रोटर

केळीवालेभाऊ, मजा घ्या, कोणाची ना नाही. फक्त असिस्ट चालू ठेवून "हेलिकॉप्टर सोपं असतं" असं पोराटोरांना सांगू नका. मागच्या आठवड्यात एक जण मला तेच ऐकवून गेला.

मृण्मयी_धुळे

मी विमानाचं प्रशिक्षण घेते, हेलिकॉप्टरचं नाही, हे आधीच सांगते. हेलिकॉप्टर सिम हा छंद. पण तुमच्या तिन्ही बाजूंनी एक फुकटची गोष्ट सोडलीय, ती म्हणजे हवा.

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर, म्हणजे साडेसहाशे फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान १४ अंशांच्या आसपास. मे महिन्यात ४५ अंश असतील तर फरक ३१ अंशांचा. अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने येणारा आकडा मूळ उंचीत मिळवला की घनतेची उंची, म्हणजे हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ आहे तो आकडा, निघते साधारण ४,४०० फूट. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी जळगावात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला हवा तोरणमाळच्या गार सकाळपेक्षा विरळ लागते. तेवढ्याच वजनाला कलेक्टिव्ह जास्त ओढावा लागतो, त्यामुळे पेडलही जास्त. आणि तुमच्यातले निम्मे जण सिममध्ये हवामान "प्रमाण" ठेवून, १५ अंशांत भुसावळ उडवत असणार. विलायतेची हवा, खान्देशचा फोटो!

आर-२२ घ्या. पाती हलकी. इंजिन गेलं की कलेक्टिव्ह खाली टाकायला सेकंदभराची सवड. रोटरचा वेग ९७ टक्क्यांच्या खाली आला की भोंगा वाजतो. ठोकताळा असा की ८० टक्के, अधिक घनतेच्या उंचीच्या दर हजार फुटांना एक टक्का, याखाली पाती स्टॉल होतात, म्हणजे यंत्र उचलून धरणं सोडतात, आणि तिथून परत येता येत नाही. म्हणजे मे महिन्यात जळगावला ही रेषा ८४ च्या वर. तापमानाचा एक आकडा टाकला की हा सगळा हिशेब बदलतो, त्याला ना कार्ड लागतं ना पाइप.

बाकी, अंगाला जे कळतं ते घरी येणार नाही. दोन पात्यांच्या यंत्रात सायक्लिक झटकन पुढे टाकला तर अंग हलकं होतं. तो हलकेपणा हीच सूचना. तिथे चुकीची दुरुस्ती केली तर रोटरचा मधला भाग मास्टवर, म्हणजे तो ज्या उभ्या दांड्यावर फिरतो त्यावर, आदळू शकतो. या असल्या गोष्टींमुळे अमेरिकेत १९९५ साली आर-२२ आणि आर-४४ साठी खास प्रशिक्षणाचा वेगळा नियम निघाला. खुर्चीत बसून तो हलकेपणा कळत नाही. म्हणून "मला हेलिकॉप्टर येतं" हे वाक्य घरच्या सिमवाल्याने उच्चारू नये, मग पेडल कितीही भारी असोत.

भुसावळ_लोको

ताई, हवेचं पटलं. आजच ४५ टाकून बघतो. खोलीतही तेवढंच आहे, एकदम जमेल.

गिरणाकाठ

मृण्मयी, अंगाला कळत नाही म्हणूनच हातापायांना तरी खरं कळू द्या, एवढंच माझं म्हणणं. "हेलिकॉप्टर येतं" असं मी कुठे म्हणालो?

पण एका मुद्द्यावर मलाच माझ्या बाजूविरुद्ध बोलायचंय. ग्राफिक म्हणजे निव्वळ चैन नाही. हॉवर करताना नजर लांब ठेवायची आणि डोळ्याच्या कडेने जमीन सरकतेय का ते बघायचं. जमीन गुळगुळीत रंगवलेली असेल तर सरकणं कळतच नाही. प्रचाराच्या दिवसांत हेलिपॅडवर टँकरने पाणी का मारतात? धूळ उडाली की पायलटचा हाच आधार जातो. तेव्हा ढग कमी करा, सावल्या कमी करा, पण जमिनीचा पोत आणि गवत खाली आणू नका.

सातपुडा_रोटर

मग व्हीआर का नको? खोली दिसते, मान वळवून पायाजवळच्या काचेतून खाली बघता येतं. सपाट पडद्यावर दहा फूट आणि तीस फूट सारखेच.

भुसावळ_लोको

कारण दोन डोळ्यांना दोन चित्रं लागतात आणि फ्रेम झोपतात. आणि या उकाड्यात तोंडावर ते खोकं कोण बांधणार, घाम काचेवर. वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मानेची हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, डोक्याला काही बांधावं लागत नाही, मान वळते.

केळीवाला_रावेर

एक शंका. कलेक्टिव्ह नाही, स्टिकवरची ती छोटी पट्टी आहे. पुढे ढकलली की वर जायला हवं की मागे ओढली की?

गिरणाकाठ

मागे ओढली की वर. सेटिंगमध्ये उलटं करून घ्या. खरा कलेक्टिव्ह वर ओढतात, हाताला ओढणं म्हणजे चढणं हेच कळलं पाहिजे.

सातपुडा_रोटर

चूक. पट्टी ती पट्टीच. विमानात पुढे म्हणजे पॉवर, तेच ठेवा, नाहीतर दोन्ही उडवणाऱ्याचा गोंधळ होतो आणि ऐन वेळी उलटं होतं.

गिरणाकाठ

ऐन वेळी उलटं तुमचंच होईल, ज्या दिवशी खरा कलेक्टिव्ह हातात येईल.

सातपुडा_रोटर

तो येणार कधी, पाइप कापून?

पाचोरा_नवशिक्या

भाऊ, तुमनं सगळं बरोबर शे, पन पैसा कोठेन आनाना? माझ्याकडे पंधरा हजार आहेत, जुनी पिळायची स्टिक आहे, साधा संगणक आहे. काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. एकच सांगा, काय करू?

भुसावळ_लोको

आधी फ्रेम मोज. स्थिर ३० च्या खाली असतील तर बाकी सगळं नंतर.

सातपुडा_रोटर

एक्स-प्लेनचा फुकटचा डेमो उतरव, आर-२२ उडव, महिनाभर काही विकत घेऊ नकोस.

गिरणाकाठ

काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि तू पैसे विचारतोस? पेडल घरी बनव, एक डावं-उजवं जोडणारा दांडा, मधे बेअरिंग, सेन्सर. स्टिकचं पिळणं सेटिंगमध्ये बंद कर. पंधरातले बारा तसेच राहतील.

पाचोरा_नवशिक्या

पेडलला स्प्रिंग लावू का?

गिरणाकाठ

नको. हेलिकॉप्टरची पेडल आपोआप मधे येत नाहीत. पाय ठेवून जिथे सोडशील तिथे थांबतील एवढं घर्षण ठेव, टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो. आणि काब्री किंवा गझेल घेशील तेव्हा ध्यानात ठेव, त्यांची पाती उलटी फिरतात. कलेक्टिव्ह ओढल्यावर डावं नाही, उजवं पेडल.

भुसावळ_लोको

फ्रेम मोजल्या का?