पहिली बोट किती फुटी?
दादा, तुम्ही विचारलंय की चांदोदला नर्मदेत आणि कधीतरी खंभातच्या आखातात न्यायला पहिली बोट २२ फुटी घेऊ का, तर माझं ऐका, १४-१६ फुटीच घ्या, सपाट तळाची, आउटबोर्डवाली (मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची), म्हणजे ट्रेलरवर टाकून बडोद्याहून नेता येते आणि उथळ पाण्यात इंजिन वर उचलता येतं. पण ती आखातात अजिबात नको हां! भावनगरकडे भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो, ओहोटीला लांबवर नुसता चिखल उघडा पडतो आणि पाण्याची ओढ एवढी की छोट्या इंजिनाचं काही चालत नाही. समुद्राला व्ही आकाराचा तळ, उंच कडा लागतात, ते नंतर बघा. आणि पोरांना त्यांच्या मापाचीच लाइफ जॅकेटं घ्या, मोठ्यांच्या जॅकेटातून पोरं निसटतात.