केशरी रताळे पिठूळ का होत नाही? चवीनुसार वाण घडवण्याविषयी

वेलकरी (चंदगड)
आमच्या चंदगड–बेळगाव पट्ट्यात रताळ्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते आणि उपवासाच्या दिवसांत त्याला मागणीही चांगली असते. आमच्या काही शेतकऱ्यांनी केशरी गराच्या वाणाचे बेणे आणून लावले. उत्पन्न समाधानकारक आले, अ जीवनसत्त्वाविषयी सांगितलेले लोकांना पटलेही. परंतु एकदा नेलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तेच रताळे मागत नाही. उकडल्यावर ते पाणचट लागते आणि कीस मोकळा न होता त्याचा लगदा होतो, अशी बहुतेकांची तक्रार आहे. केशरी रंग आणि पिठूळपणा एकत्र येऊच शकत नाहीत, की वाण निवडताना खाणाऱ्याच्या आवडीचा विचारच झालेला नसतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

बीजांकुर
आपण विचारलेल्या नेमक्या प्रश्नाशी युगांडातील संशोधक अनेक वर्षे झुंजले आहेत. तिथे रताळे हे रोजचे जेवण आहे. ते उकडून किंवा वाफवून घेवड्याच्या कालवणाबरोबर किंवा शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर खातात. त्यामुळे ते घट्ट, पिठूळ आणि पोटभरीचे असावे अशी मोठ्या माणसांची अपेक्षा असते. हा पिठूळपणा मुख्यतः कंदातील कोरड्या अंशावर, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या भागावर, आणि त्यातील स्टार्चवर अवलंबून असतो. तिथल्या पांढऱ्या व पिवळसर गराच्या वाणांत हा अंश ३० टक्क्यांच्या वर असतो, तर अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या केशरी वाणांत तो बराच कमी असल्याने त्यांचा गर मऊ व ओलसर लागतो.

अडचण अशी की आफ्रिकेतील वाणांमध्ये बीटा-कॅरोटीन, म्हणजे गराला केशरी रंग देणारे आणि शरीरात अ जीवनसत्त्व बनणारे द्रव्य, वाढले की कोरडा अंश घटतो, असे वारंवार दिसून आले. कॅरोटीन तयार करणारे एक जनुक आणि स्टार्चशी संबंधित दुसरे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्यामुळे हे दोन गुण बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, असे त्याचे एक स्पष्टीकरण आता मिळाले आहे. त्यातच रताळ्यात गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे एकूण ९० गुणसूत्रे असतात, त्यामुळे हवा तो मेळ साधायला फार मोठ्या संख्येने रोपे तपासावी लागतात. तरीही ही जोडी तुटू शकते. युगांडातील रताळे-संशोधक रॉबर्ट म्वांगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून तिथल्या नामुलोंगे येथील पीक संशोधन केंद्राने २००७ मध्ये ‘नास्पॉट ९ ओ’ आणि ‘नास्पॉट १० ओ’ हे केशरी वाण प्रसारित केले. त्यांचा कोरडा अंश तिथल्या लोकांना चालेल इतका होता. म्वांगा यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मारिया आंद्राडे, जॅन लो आणि हॉवर्थ बाऊइस यांच्यासह मिळाला. लहान मुले मऊ केशरी रताळे आनंदाने खातात, हेही तिथे लक्षात आले, आणि अ जीवनसत्त्वाची सर्वाधिक गरज त्यांनाच असल्याने ही बाब मला फार मोलाची वाटते.

म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मी असे देईन: उत्पन्न आणि रोगप्रतिकार यांवर निवड उरकून शेवटी चव पाहिली, तर तोपर्यंत पिठूळ रोपे बाद झालेली असतात. ही तपासणी पहिल्या फेरीपासूनच व्हायला हवी.

इबाराकीहून
जपानमध्ये याच्या उलट घडले आहे. १९८० च्या दशकात आलेला ‘बेनीआझुमा’ हा पिठूळ वाण येथे दीर्घकाळ आवडीने खाल्ला गेला. पुढे भाजलेल्या रताळ्यासाठी मऊ, ओलसर आणि अतिशय गोड गराची आवड वाढली आणि ‘बेनी हारुका’ने बाजार व्यापला. ही गोडी कच्च्या कंदात फारशी नसते. शिजताना स्टार्च फुलतो आणि बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्याची माल्टोज साखर करते. तापमान फार वाढले की तेच विकर निकामी होते, त्यामुळे मंद आचेवर सावकाश भाजलेले रताळे अधिक गोड लागते. ‘क्विक स्वीट’ नावाच्या वाणात स्टार्च नेहमीपेक्षा सुमारे २० अंश कमी तापमानाला फुलतो, म्हणून विकराला काम करायला जास्त वेळ मिळतो आणि मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवूनही ते गोड होते. आवड बदलू शकते, हे यावरून दिसते. मात्र ती भाजण्याच्या पद्धतीच्या आधाराने बदलली, हे विसरता येणार नाही. आपल्याकडील कीस आणि उकडलेले रताळे यांच्या गरजाच वेगळ्या आहेत.

परसबाग
वेलकरी, आपल्या गटाला एक सोपी चाचणी करता येईल. आफ्रिकेत अनेक घरांना प्रत्येकी तीन वाणांचे नमुने, नाव न सांगता, खुणेची अक्षरे घालून देतात आणि प्रत्येक घराला सर्वांत आवडलेला व सर्वांत नावडलेला एवढेच विचारतात. पुष्कळ घरांची उत्तरे एकत्र केली की क्रम स्पष्ट होतो. आपण कीस आणि उकडलेले रताळे यांसाठी हा प्रश्न वेगवेगळा विचारावा, कारण किसासाठी उत्तम ठरलेला वाण उकडून आवडेलच असे नाही. विक्रेत्यांबरोबरच रोज स्वयंपाक करणाऱ्या बायकांची मते आवर्जून घ्यावीत. कीस मोकळा होतो की चिकटतो, हे त्या हाताला लागताच सांगतात. सर्व वाण एकाच शेतातले आणि एकाच दिवशी काढलेले असावेत, कारण साठवणीत स्टार्च कमी होऊन साखर वाढते आणि जुन्या-नव्या कंदांची तुलना फसते.